चित्र कोण बघणार, हे आधी ठरलं

ऑफिसात आर्ट वर्कशॉप झालं म्हणजे नक्की काय झालं, असं मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा सगळं लिहूनच काढते. मला त्याचा खरंच फायदा झाला, आणि माझ्या मते तो जितका रंगांमुळे झाला तितकाच त्या खोलीचे नियम कुणी ठरवले आणि ते कसे पाळले यामुळे झाला. रंगांबद्दल सगळेच बोलतात, नियमांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर.

मी बीएचएमएस आहे पण प्रॅक्टिस नाही करत, गेली बरीच वर्षं एका हेल्थ इन्शुरन्स कंपनीत क्लेम्सला आहे, अंधेरी ईस्टला एमआयडीसीत. मुंबईत कुठल्याही क्लेम्स डिपार्टमेंटला गेलात तर आमच्यासारखे बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर भरपूर भेटतील. दिवसभर स्क्रीनवर दुसऱ्यांचे आजार वाचायचे, डिस्चार्ज समरी, बिलं, रिपोर्ट, आणि मग अप्रूव्ह, रिजेक्ट, नाहीतर क्वेरी. मे २०२४ मध्ये आयआरडीएआयचं, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचं, सर्क्युलर आलं, कॅशलेसच्या रिक्वेस्टला एका तासात उत्तर द्यायचं आणि डिस्चार्जच्या वेळच्या फायनल बिलाला तीन तासात. पेशंटच्या बाजूने हा नियम अगदी योग्य आहे, माझे बाबा एकदा डॉक्टरांनी घरी जा सांगूनही संध्याकाळपर्यंत कपडे बदलून बेडवर बसून होते, ते मी विसरलेले नाही. पण नियम आला तरी माणसं तेवढीच राहिली, आणि त्या तीन तासांचं घड्याळ आमच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात आलं, आधी हिरवं, मग पिवळं, मग लाल.

बर्नआउट हा शब्द आमच्याकडे रोज ऐकू येतो. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये आयसीडी-११ मध्ये, म्हणजे त्यांच्या आजारांच्या जागतिक यादीत, त्याचं जे वर्णन केलंय ते मी तेव्हा मुद्दाम काढून वाचलं. त्यात तो आजार म्हणून धरलेला नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून धरलाय, कामाच्या ठिकाणचा असा ताण जो खूप काळ चालू राहिला आणि ज्याचा बंदोबस्त झाला नाही. त्याच्या तीन खुणा दिल्यात, अंगातलं सगळं त्राण संपणं, कामापासून मन लांब जाणं किंवा कामाबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. मला दुसरी खूण वाचून धस्स झालं. एखाद्या बाईची किमोची फाइल उघडली तरी मला ती बाई दिसेनाशी झाली होती, फक्त ते घड्याळ दिसायचं. झोपेचे पण बारा वाजले होते, रात्री डोळा लागला की क्लेम नंबर दिसायचे.

आता आर्टवर येते. आधीच्या वर्षी १० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, कॅफेटेरियात टोट बॅगवर वारली काढायचं सेशन झालं होतं. छापील नमुना समोर, तो उतरवायचा, मग ग्रुप फोटो, मग परत डेस्कवर, आणि डेस्कवर तेवढ्या वेळचे क्लेम्स साठलेले. लोकांनी एन्जॉय केलं, मी पण केलं, त्यात वाईट काही नव्हतं. पण पालघर इथून लोकलच्या अंतरावर आहे, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढायची रीत तिथली, मुळात बायका काढत आल्या, मग जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळाली त्यांना. यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही, तारपा नाच बॅगेवर काढला आणि तारपा म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य हे निम्म्या टेबलाला माहीत नव्हतं, मला ते फार लागलं. आणि मनाच्या आरोग्याचं म्हणाल तर एक दुपार बरी गेली, एवढंच.

मग टीममधल्या दोन चांगल्या मुली पाठोपाठ सोडून गेल्या, एकीने जाताना स्पष्ट सांगितलं की झोप उडालीय, आणि आमच्या ऑपरेशन्स हेडने एचआरला सांगितलं की एक दिवसाचं काही नको, नीट काहीतरी बघा. त्यातून दर बुधवारचं हे वर्कशॉप सुरू झालं. फॅसिलिटेटर ठाण्याची, वयाने माझ्यापेक्षा लहान, सायकॉलॉजीत एमए करून नंतर आर्ट थेरपीचं ट्रेनिंग घेतलेली. सगळे तिला ताई म्हणायला लागले, मी सुद्धा.

पहिल्या दिवशी तिने रंगांचा डबा उघडलाच नाही. आधी नियम. चित्र ज्याचं त्याचं, घरी न्या, फाडून टाका, तिच्याकडे ठेवा, काहीही. कुणीच फोटो काढायचा नाही, स्वतःच्या चित्राचा सुद्धा खोलीत नाही, बाहेर गेल्यावर तुमची मर्जी. दुसऱ्याच्या चित्रावर छान, भारी, हे काय काढलंय, यातलं काहीही बोलायचं नाही. यायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवायचं, मधून उठून गेलात तरी कारण सांगायचं नाही. टीम लीड आणि त्याची माणसं एका ग्रुपमध्ये नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर्कशॉप शिफ्टच्या वेळात आणि तेवढ्या वेळात आमची क्यू, म्हणजे रांगेतले क्लेम्स, दुसऱ्या टीमकडे. हे शेवटचं तिने कंपनीकडून आधी लिहून घेतलं होतं, कारण तिचं म्हणणं असं की परत जाऊन दुप्पट काम दिसणार असेल तर माणूस तिथे बसून पण तेच मोजत बसतो.

एचआरची इच्छा वेगळी होती, त्यांना शेवटी रिसेप्शनच्या भिंतीवर चित्रं लावायची होती आणि लिंक्डइनवर टाकायची होती. त्या एचआरच्या मुलीचा हेतू चांगलाच होता, तिला पण वर काहीतरी दाखवावं लागतं, हे मला कळतं. पण ताई ठाम राहिली, भिंतीवर लागणार हे कळलं की लोक भिंतीसाठी चित्र काढतात, मग त्या चित्राचा त्यांना स्वतःला काही उपयोग होत नाही, असं तिने आमच्यासमोरच सांगितलं. मला वाटतं त्या वाक्यानंतर खोलीतल्या माणसांचे खांदे जरा खाली आले.

फॉर्म भरून घेतला एक, नाव न लिहिता. डब्ल्यूएचओ-५ म्हणतात त्याला, पाचच प्रश्न, गेल्या दोन आठवड्यात मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का वगैरे, प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क, बेरजेला चारने गुणलं की शंभरपैकी आकडा. कंपनीला फक्त सगळ्यांची मिळून सरासरी जाणार होती. आणि तिने हेही सांगितलं की हे वर्कशॉप आहे, उपचार नाहीत, ज्याला उपचारांची गरज असेल त्याला ती तसं एकट्यात सांगेल.

एक गोष्ट आपल्याकडे फार होते. कुणालाही कागद दिला की पहिलं वाक्य येतं, मला चित्र येत नाही. त्याचं मूळ शाळेत आहे असं मला पक्कं वाटतं, एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा, स्थिरचित्र, स्मरणचित्र, आणि मग ए ग्रेड वाले एका बाजूला आणि बाकीचे चित्र न येणारे, ते जन्मभर. आमच्या ग्रुपमध्ये पन्नाशीच्या एका सरांनी सी ग्रेडची गोष्ट अशी सांगितली जशी ती काल घडली. ताईने तेव्हा अमेरिकेतल्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीच्या २०१६ च्या अभ्यासाबद्दल सांगितलं, मी नंतर घरी वाचला. ३९ मोठी माणसं, पाऊण तास मनाला येईल ते करायचं, माती, मार्कर, कोलाज, आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं, तर साधारण तीन चतुर्थांश लोकांचं कमी झालं, आणि आधी चित्रकला केलेल्या-न केलेल्यांमध्ये फरक दिसला नाही. अभ्यास छोटा आहे, आणि बाकीच्यांचं कमी झालंच नाही हेही तितकंच खरं, त्यामुळे मी त्याला औषधाच्या ट्रायलसारखं धरत नाही. पण त्या सरांनी ऐकलं आणि खडू उचलला.

सुरुवातीला रेघोट्या. डोळे मिटून, डाव्या हाताने, हात जाईल तिकडे. मग डोळे उघडून त्यात काही दिसतंय का बघायचं आणि तेवढंच रंगवायचं. मला काही दिसलं नाही, मी तसं सांगितलं, ती म्हणाली ठीक आहे. बरं वाटलं, कारण आमच्या कामात ‘काही सापडलं नाही’ असं लिहिलं की क्वेरी येते.

मातीचा दिवस मात्र लक्षात राहण्यासारखा. तिने शाडू आणला होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. मुंबईत शाडू म्हटलं की हात गणपतीकडेच वळणार, आमच्या टेबलावर दोघा-तिघांनी तर पाट करायला घेतलाच होता, पण ती म्हणाली आज आकार नको, गोळा तळहातावर घ्या, मध्ये अंगठा घाला आणि फिरवत फिरवत कडा पातळ करत न्या, वाटी होईल तर होऊ दे. माझ्या शेजारची म्हणाली, अगं, ही तर मोदकाची पारी! आणि खरंच तेच होतं, अंगठा आत, बोटं बाहेर, जरा जोर जास्त झाला की चीर पडते, मग पाण्याचं बोट लावून ती मिटवायची. बराच वेळ कुणी बोललं नाही. एसीचा आवाज, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आणि माती थापल्याचा मऊ आवाज. माझ्या वाटीला एका बाजूला सारखी चीर पडत होती आणि मी ती सारखी मिटवत होते, आणि एका क्षणी मला जाणवलं की मी किती तरी वेळ घड्याळाकडे पाहिलेलंच नाही. डॉक्टर म्हणून मला याचं कारण कळतं, हात ओले, बोटांना सतत काहीतरी लागतंय, लक्ष तिथेच राहतं. पण कळणं वेगळं आणि त्या खुर्चीवर बसून ते अंगात होणं वेगळं.

त्याच दिवशी टेबलं पुसायला आलेल्या मावशींकडे बघून ताईने एचआरला विचारलं, हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीची माणसं का नाहीत यात? उत्तर आलं की ती एजन्सीची आहेत, आपल्या हेडकाउंटमध्ये नाहीत. तिने वाद घातला नाही, पण पुढच्या बुधवारपर्यंत खुर्च्या वाढवून घेतल्या. माझ्या दृष्टीने या अख्ख्या प्रकारातला सगळ्यात चांगला निर्णय तो. ऑफिसच्या वेलनेसमध्ये जो माणूस ऑफिस सगळ्यांच्या आधी उघडतो तोच नसेल तर ते कसलं वेलनेस.

आणि मग तो कागदी पट्टीचा बुधवार, ज्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले. बिलाच्या मशीनला लावतात तो साधा कागदाचा रोल तिने आणला, प्रत्येकाने आपल्या दोन्ही हातांच्या पसाऱ्याएवढी पट्टी फाडून घ्यायची, एक टोक म्हणजे सकाळी डोळे उघडतात तेव्हा, दुसरं टोक रात्री मिटतात तेव्हा, मध्ये दुपारी बाराची एक खूण. शब्द नाहीत, आकडे नाहीत, फक्त ऑइल पेस्टल, ज्या वेळी अंगात जसं वाटतं तसा रंग, तसा जोर. कुठला रंग म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही. मी सकाळ फिकट पिवळी केली, मेट्रोचा प्रवास राखाडी, मग दुपारनंतर काळा आणि गडद हिरवा एकावर एक चढवत गेले, बोटाने घासत गेले, इतकं की एका जागी कागद फाटला. तिथे मी थांबले. फाटलेल्या जागेतून खालचा रद्दी पेपर दिसत होता.

नंतर तिने विचारलं, कुणाला हरकत नसेल तर सगळ्या पट्ट्या जमिनीवर एकाखाली एक ठेवूया का, बाराची खूण एका रेषेत. एकाने नाही म्हणून सांगितलं, त्याची पट्टी त्याच्या खिशात राहिली, कुणी काही विचारलं नाही. बाकीच्या ठेवल्या, मास्किंग टेपने टोकं चिकटवली, आणि आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. कुणाचा निळा, कुणाचा लाल, कुणाचा माझ्यासारखा काळा, रंग सगळे वेगळे, पण क्लेम्सवाल्यांच्या सगळ्या पट्ट्या एकाच जागी दाट झालेल्या. दुपारी चारनंतर ते आठपर्यंत. उभा पट्टाच दिसत होता, कुणीतरी मुद्दाम रोलर फिरवल्यासारखा. फक्त मावशींची पट्टी वेगळी, त्यांची दाट जागा अगदी सुरुवातीला, पहाटेचं पाणी, डबे, आणि दिव्याहून पहिली मिळेल ती लोकल, आणि ऑफिसची वेळ त्यांनी चक्क गुलाबी केली होती. त्यांना कुणी कारण विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, हितं पंखा हाय आणि बसाया मिळतं.

मी गेले कित्येक महिने समजत होते की संध्याकाळी मीच ढेपाळते, वय झालं, आयर्न कमी असेल, मी रिपोर्ट सुद्धा करून घेतले होते. आमच्यातल्या प्रत्येकाने स्वतःबद्दल असंच काहीतरी धरलेलं होतं. जमिनीवर बघितलं तेव्हा कळलं की हा माझा प्रॉब्लेम नाही, हा चार ते आठचा प्रॉब्लेम आहे. हॉस्पिटलमध्ये सकाळी राउंड होतो, मग समरी टाइप होते, फार्मसीचा हिशोब होतो, मग बिलिंग, आणि फायनल बिलं आमच्याकडे दुपार टळल्यावर एकदम येऊन आदळतात, तीन तासांची मुदत तिथून सुरू. आणि नेमक्या त्याच वेळात आमचा साडेसहाचा रिव्ह्यू कॉल.

आता यापुढे काय, यावर खोलीत बरीच चर्चा झाली. पट्ट्या बाहेर न्यायच्या नाहीत यावर सगळे एकमत. पण जे दिसलं ते वर सांगायचं का? काहीजण नको म्हणत होते, अप्रेजल जवळ आलं होतं आणि भीती खोटी नव्हती. शेवटी ठरलं की एका कोऱ्या कागदावर नुसती वेळेची रेघ आणि चार ते आठचा काळा भाग, कुणाचीच पट्टी नाही, कुणाचंच नाव नाही, आणि ते घेऊन मी आणि ते सी ग्रेडवाले सर हेडकडे जाणार. गेलो. हेडने डॅशबोर्ड उघडून तासाप्रमाणे लोड काढला आणि तो आमच्या कागदाशी जुळला. माहिती त्यांच्या सिस्टिममध्ये आधीपासून होती, फक्त हा प्रश्न मनात धरून ती कुणी उघडून बघितली नव्हती. रिव्ह्यू कॉल सकाळी गेला. रिइम्बर्समेंटच्या, म्हणजे पेशंटने आधी भरलेले पैसे नंतर परत द्यायच्या, टीममधून संध्याकाळी माणसं मिळायला लागली, कारण त्यांच्या क्लेम्सना तासाची मुदत नसते. आणि चहाचा ब्रेक रोस्टरवर नावासकट आला, म्हणजे आता तो घेण्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सगळं सुरळीत झालं असं नाही, महिनाअखेरीला अजून तारांबळ उडते, पण मी रात्री झोपते.

जो आपली पट्टी खिशात ठेवून गेला त्याच्याबद्दल त्याच्याच परवानगीने एवढंच लिहिते की नंतरच्या एका बुधवारी तो खूप रडला. ताईने त्याला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही, बाजूला खुर्ची घेऊन बसली, आम्हाला आमचं काम चालू ठेवायला सांगितलं. सेशन संपल्यावर त्याच्याशी वेगळं बोलली आणि त्याला सायकॅट्रिस्टकडे जायला मदत केली. चित्रं काढून डिप्रेशन बरं होईल असं तिने एकदाही म्हटलं नाही आणि मला त्याबद्दल तिचा फार आदर वाटतो. तुमच्या ऑफिसात असं काही ठेवणार असतील तर येणाऱ्याला हे नक्की विचारा की कुणी कोसळलं तर तुम्ही काय करता, तुमचं ट्रेनिंग काय, तुम्ही स्वतः कुणाच्या सुपरव्हिजनखाली आहात का. आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर सरकारची टेलि-मानस लाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. इन्शुरन्सवाली म्हणून अजून एक, मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यावं लागतं, त्यामुळे अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर ‘हे पॉलिसीत बसत नाही’ असं कुणी तोंडी सांगितलं म्हणून परत फिरू नका, लेखी मागा. काउन्सेलिंगची ओपीडी फी मात्र पॉलिसीप्रमाणे बदलते, ती आधी वाचून घ्या.

आर्ट थेरपी हे नाव कसं आलं तेही मला त्या निमित्ताने कळलं, एड्रियन हिल नावाचे ब्रिटिश चित्रकार टीबीने सॅनटोरियममध्ये होते, तिथे पडल्या पडल्या चित्रं काढायचे, बाकीच्या पेशंटना पण शिकवायला लागले, आणि १९४२ साली त्यांनी हा शब्द वापरला. डब्ल्यूएचओचा २०१९ चा रिपोर्ट तीन हजारांवर अभ्यास बघून लिहिलाय, आजार टाळण्यापासून उपचारांपर्यंत कला कुठे कुठे कामी येते याचा. एचआरला पटवायचं असेल तर तो दाखवा, उपयोग होतो.

आमचे फॉर्म परत भरून झालेत, सरासरी कंपनीकडे गेलीय. रिसेप्शनची भिंत कोरीच आहे. माझी मातीची वाटी सुकताना तडकली, ती मी पुन्हा पाण्यात घालून गोळा करून ताईकडे परत दिली, शाडू परत वापरता येतो. पुढची बॅच नाइट शिफ्टवाल्यांची, आणि त्यांची वेळ रात्री ठेवायची की सकाळी सहाला शिफ्ट सुटायच्या आधी, यावर अजून एचआरशी बोलणी चालू आहेत, शिफ्ट सुटल्यावर थांबवून घ्यायचं नाही एवढं मात्र आम्ही आधीच कबूल करून घेतलंय.